फिक्सी दाखवायची तर आधी मागचं हब दाखवा

फिक्स्ड-गिअर सायकलचा, म्हणजे फिक्सीचा, फोटो कसा काढायचा याचे अलिखित नियम सगळ्यांना पाठ असतात. चेनची बाजू कॅमेऱ्याकडे. उजवा क्रँक (पेडलचा दांडा) एकतर जमिनीला समांतर, नाहीतर मागच्या नळीच्या रेषेत. दोन्ही व्हॉल्व्ह खाली, टायरवरचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी, मागे एखादी साधी भिंत. एवढं सगळं जमवलेल्या फोटोत नेमकी एक जागा धूसर राहते: मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या नळीवर) कॉग म्हणजे दातेरी चकती आणि तिला अडवणारं लॉकरिंग कसं बसलंय ती. सायकल रंगवलेली कुणाकडून, हँडल कुठलं, सीट कुठलं हे सगळं नंतर. ज्याला या सायकली कळतात तो फोटो मोठा करून आधी तिथेच बघतो.

कारण साधं आहे. नेहमीच्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं. तुम्ही पेडल मारायचं थांबवलंत तरी चाक फिरत राहतं, आणि फ्रीव्हीलवर जोर येतो तो फक्त पुढच्या दिशेने, म्हणजे आट्यांवर घट्ट होण्याच्या दिशेने. ते आपोआप आवळत जातं. फिक्सीत कॉग थेट हबच्या आट्यांवर बसतो, मधे सुटं काही नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. आणि वेग कमी करायला पायाने उलटा दाब दिला की तोच कॉग आट्यांवरून सुटायच्या दिशेने ढकलला जातो. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे वेलोड्रोमच्या (शर्यतीच्या अंडाकृती ट्रॅकच्या) सायकलींच्या हबवर, दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आटे, उजवे. तिच्यावर कॉग. बाहेरची थोडी लहान, साधारण १.२९ इंच, तिलाही इंचाला २४, पण आटे डावे. तिच्यावर लॉकरिंग. कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगला आपल्याबरोबर ओढतो, आणि डाव्या आट्यांमुळे लॉकरिंग त्या ओढीने उलट आवळतं. सगळी सुरक्षितता या एका युक्तीत आहे.

आता जुगाड. साध्या फ्रीव्हील हबचे आटेही १.३७ इंच, २४ चेच असतात, त्यामुळे ट्रॅक कॉग त्यावर छान चढतो. मग त्यावर जुन्या बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल फिरतो ते बेअरिंग) कपचं लॉकरिंग चढवायचं, कारण तेही त्याच मापाचं, आणि काम झालं म्हणायचं. या हबला जगभर ‘सुसाईड हब’ म्हणतात ते उगीच नाही. बीबीचं लॉकरिंगही उजव्या आट्यांचं, म्हणजे कॉग सुटताना ते पण त्याच दिशेने सुटतं. वर लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) ओतलं तरी मूळ दोष तिथेच राहतो, फक्त कधी सुटेल ते कळेनासं होतं. ज्यांना हे करायचंच असेल त्यांनी पुढे-मागे दोन्ही ब्रेक ठेवावेत आणि उलटा दाब देऊन थांबण्याचा नाद सोडावा. आणि अशा चाकाच्या फोटोखाली ‘ट्रॅक बिल्ड’ लिहू नये, एवढी विनंती.

खरं ट्रॅक हब असूनही आटे जातात. ते जातात बसवताना केलेल्या घाईमुळे. हबचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे, कॉग स्टीलचा. कॉग पूर्ण बसला नसेल तर प्रत्येक पुढच्या दाबाला तो केसभर आवळतो, प्रत्येक उलट्या दाबाला केसभर सुटतो, आणि ही ये-जा अ‍ॅल्युमिनियम खरवडून काढते. एक दिवस सिग्नलला दाब दिला की कॉग मोकळा फिरतो आणि तुमचा मागचा ब्रेक संपलेला असतो.

बसवायची रीत अशी. रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने दोन्हीकडचे आटे साफ करा, फडक्याने कोरडे करा, ग्रीसचा पातळ थर द्या. कॉग हाताने फिरवा. पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. अडकला तर पाना हातात घेऊ नका, उलटा फिरवून काढा आणि पुन्हा सरळ लावा. तिरका चढलेला कॉग जोराने फिरवला की हब गेलं. हाताने बसला की चेनव्हिप (चेनचा तुकडा जोडलेला पाना) लावून आवळा. दांडा लांब हवा, आखूड दांड्याने पुरेसा जोर येत नाही. मग हुक पान्याने लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. इथे बहुतेक जण थांबतात आणि चुकतात. पायाचा जोर हा कुठल्याही पान्यापेक्षा जास्त असतो. म्हणून आता सायकल दोन-तीन किलोमीटर चालवायची, शक्य असेल तर एखाद्या चढावर उभं राहून जोर लावायचा, थांबायला फक्त ब्रेक वापरायचा, पायाने उलटा दाब अजिबात द्यायचा नाही. परत आल्यावर लॉकरिंगला पाना लावून बघा: ते अजून थोडं फिरतं. तेवढा कॉग चढावर आत गेलेला असतो. पन्नासेक किलोमीटरनंतर हेच पुन्हा एकदा.

चेनव्हिप नसेल तर रोटाफिक्स नावाची एक पद्धत आहे. चाक फ्रेममध्येच ठेवायचं, चेनचा एक तुकडा कॉगवर आणि बीबीच्या नळकांड्याभोवती असा अडकवायचा की कॉग जागेवर धरला जाईल, आणि चाक मागच्या दिशेने फिरवायचं. चाकाची त्रिज्याच इथे पान्याचा दांडा होते, त्यामुळे जोर प्रचंड येतो. बीबीभोवती जाड कापड किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला नाही तर रंग निघालाच म्हणून समजा. जुन्या, मूळ रंगाच्या फ्रेमवर हे करू नये.

आणि एक फुकटची गोष्ट. सगळं आवळून झालं की नेलपॉलिशने एक रेघ ओढा: हबच्या कडेवरून लॉकरिंगवर आणि तिथून कॉगवर. आठवड्यातून एकदा बघायचं. रेघ तुटलेली दिसली की काहीतरी हललंय. बोटाने हलवून किंवा कानाने ‘टिक’ ऐकून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण चेन सैल असली तरी तसाच टिक येतो.

चेनलाइन ही दुसरी जागा जिथे सुंदर सायकली उघड्या पडतात. गिअरच्या सायकलला चेन तिरकी चालते, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सांभाळून घेतो. इथे सांभाळणारं कुणी नाही. पुढचं चेनव्हील आणि मागचा कॉग फ्रेमच्या मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर हवेत. ट्रॅकचं ठरलेलं माप ४२ मिमी. मोजायला महागडं काही लागत नाही, स्टीलची पट्टी पुरते. बीबीचं नळकांडं इंग्लिश मापाचं, म्हणजे ६८ मिमी रुंद असेल तर त्याच्या कडेपासून चेनव्हीलच्या दात्यांच्या मध्यापर्यंत ८ मिमी भरायला हवेत (४२ वजा ३४). मागे १२० मिमीच्या ट्रॅक फ्रेममध्ये, एक्सल जिथे बसतो त्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून कॉगच्या दात्यांपर्यंत १८ मिमी (६० वजा ४२). एखाद-दीड मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. चार-पाचचा फरक असेल तर चेन करकरते, दाते एका बाजूने झिजतात आणि वेगात चेन उतरू शकते. फिक्सीत चेन उतरणं म्हणजे मागचं चाक जाम होणं.

हा फरक बऱ्याचदा बीबीच्या एक्सलमुळे येतो. चौकोनी टोकाचे एक्सल दोन प्रकारचे: जपानी जेआयएस आणि इटालियन वळणाचे आयएसओ. निमुळतेपणा सारखाच, पण टोकाची जाडी वेगळी. आयएसओचा क्रँक जेआयएस एक्सलवर चढवला तर तो साडेचार मिमीच्या आसपास बाहेरच राहतो. उलट केलं तर तेवढाच जास्त आत जातो, कधीकधी एक्सलच्या टोकाला टेकतो आणि मग कितीही आवळा, सैलच. ‘१०९ चा एक्सल आहे’ एवढ्याने भागत नाही, १०९ कुठला ते विचारायचं.

चेनचा ताण किती? वरच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केली तर एकूण १०-१२ मिमी हलावी. पण क्रँक हळूहळू पूर्ण फिरवत बघा, एका जागी चेन ताठ होते आणि अर्ध्या फेऱ्याने सैल पडते. जवळजवळ प्रत्येक चेनव्हील किंचित विकेंद्री बसलेलं असतं. पाचही बोल्ट थोडे सैल करायचे, इतके की चेनव्हील जागेवरून सरकेल पण लोंबणार नाही. चेन सर्वांत ताठ होते तिथे थांबून तिला पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी द्यायची, बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे आवळायचे, परत फिरवायचं. चार-पाच वेळा केलं की फरक जवळपास जातो. ताण नेहमी सर्वांत ताठ जागेवर ठरवायचा. हे सगळं हाताने फिरवताना बोटं आणि फडकं चेनपासून लांब. फ्रीव्हीलच्या सायकलला बोट अडकलं तर चाक निदान पुढे निघून जातं, इथे चाकाचा सगळा वेग बोटावर येतो आणि बोट तुटतं. चालत्या चाकावर चेन पुसायची सवय असलेल्यांनी ती आधी मोडावी.

गिअरच्या गणितावर लोक तासन्‌तास वाद घालतात, त्यातलं कामाचं एवढंच. ७०० × २८ चं टायर एका फेऱ्यात साधारण २.१४ मीटर जातं. ४६ चं चेनव्हील आणि १७ चा कॉग म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला ५.८ मीटरच्या जवळ, मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ३१ किलोमीटर. सपाट रस्त्याला उत्तम. पण दिवे घाट उतरताना याच गिअरवर ताशी ५० गाठलं तर पाय मिनिटाला १४४ वेळा फिरतात, आणि तुम्ही थांबवू शकत नाही. पुण्याच्या आजूबाजूला फिरायचं असेल तर ४४ ला १८ जास्त शहाणपणाचं. चढही निघतात. उतारावर मात्र पाय आणखी भरभर फिरतात, म्हणून घाटात पुढचा ब्रेक हवाच.

पेडल अडवून मागचं चाक घासत थांबणाऱ्यांसाठी मात्र दात्यांची निवड वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. पाय नेहमी ठरावीक जागी अडवला जातो, त्यामुळे टायरही ठरावीक जागीच रस्त्यावर घासतं. अशा जागा किती ते सोप्या अपूर्णांकाने निघतं: पुढचे दाते भागिले मागचे, संक्षिप्त रूप द्या, खालचा आकडा म्हणजे जागा. ४८/१६ म्हणजे ३/१. एकच जागा! तेवढ्याच ठिकाणी टायर घासून दोरे दिसायला लागतात, बाकी टायर नवं कोरं. ४८/१८ ला तीन. ४४/१८ ला नऊ. ४८/१७ किंवा ४६/१७ ला सतरा. दोन्ही पाय आलटून पालटून पुढे ठेवून घासता येत असेल आणि संक्षिप्त रूपातला वरचा आकडा विषम असेल तर जागा दुप्पट, म्हणून ४९/१७ ला चौतीस. १७ दात्यांचा कॉग लोकप्रिय का, याचं उत्तर इथे आहे: १७ मूळ संख्या आहे, ५१ चं चेनव्हील सोडलं तर नेहमीच्या कुठल्याच मापाशी तिचं जमत नाही.

आता फ्रेम. जुन्या ट्रॅक फ्रेममध्ये सर्वांत जास्त मिरवल्या जातात त्या जपानच्या केरिनच्या. केरिन १९४८ मध्ये कोकुरा इथे सुरू झाली, तीही सट्टा लावण्यासाठीची ट्रॅक सायकल शर्यत म्हणून. पैसा लागलेला, म्हणून सगळ्यांच्या सायकली सारख्या मापात असाव्यात असा दंडक आला आणि एनजेएसचा, म्हणजे केरिनच्या नियामक संस्थेचा, शिक्का आला. फ्रेम, क्रँक, हब, चेन, पेडल, सीट, सगळं मान्यताप्राप्त. बाकी जग कार्बनकडे गेलं तरी तिथली नेहमीची केरिन स्टीलवर, ३६ आऱ्यांच्या चाकांवर राहिली ती यामुळे. नागासावा, कालाविंका, साम्सन, माकिनो ही नावं त्यातून जगभर गेली. कोइची नाकानो यांनी १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं स्प्रिंटचं जगज्जेतेपद जिंकलं, आणि नागासावाचं नाव आजही त्यांच्याबरोबर घेतलं जातं. सुगिनो ७५ चा क्रँक, निट्टोचं हँडल, इझुमीची चेन, एमकेएसची पेडल, काशिमॅक्सचं सीट असा संच दिसला की लोक नुसते ‘फुल एनजेएस’ म्हणतात आणि गप्प होतात.

माझं मत विचाराल तर शिक्क्याला जरा जास्तच भाव दिला जातो. शिक्का म्हणतो की वस्तू मापात आणि मजबुतीत बसते. तुमच्या रस्त्याला ती योग्य आहे असं तो म्हणत नाही. केरिनची फ्रेम वेलोड्रोमच्या गुळगुळीत पृष्ठभागासाठी असते. चिमट्यात (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये) २३ मिमीचं टायर कसंबसं मावतं, २८ चं बहुधा नाहीच. पुढची भूमिती इतकी उभी की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, आणि फिक्सीत पाय थांबवून ते टाळता येत नाही. क्रँक १६५ मिमीचा ठेवला तर थोडा दिलासा. चिमट्याला ब्रेकचं भोक नसतं. ते पाडलं तर फ्रेमची मूळ किंमत गेली, न पाडलं तर रस्त्यावर पुढचा ब्रेक नाही. अशा चिमट्यावर बाहेरून आवळायची ब्रेकची पट्टी मिळते. ती दिसायला ओंगळ, पण दुसरा रस्ता-योग्य चिमटा शोधून मूळचा कपाटात ठेवणं सर्वांत चांगलं. ब्रेकशिवाय चालवण्यात शौर्य नाही. खुद्द जपानमध्येही रस्त्यावर दोन्ही चाकांना ब्रेक कायद्याने लागतो.

वापरलेली फ्रेम घेताना रंगाकडे शेवटी बघा. आधी हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) मागे, वरच्या आणि तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. समोरून धडकलेल्या फ्रेमला तिथे एक बारीक वळी पडते. डोळ्याला ती दिसत नाही, नव्या रंगाखाली तर मुळीच नाही, बोटाला मात्र लगेच कळते. वरच्या नळीला दोन्ही बाजूंना समोरासमोर पोचे असतील तर ते पडताना हँडल फिरून आपटल्याचे. खोल नसतील तर चालतात. मग दोरा घ्या. मागच्या एक्सलच्या एका खाचेत बांधा, हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेत ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक मिमीचा फरक म्हणजे छान, दोन चालतील, चार म्हणजे फ्रेम वाकलीय. दोऱ्याला काही खर्च नाही, तरी हजारो रुपये देणारे तो सोबत नेत नाहीत.

नळीवरचा स्टिकर पुरावा नव्हे. ‘रेनॉल्ड्स ५३१’ (नामांकित ब्रिटिश स्टील नळ्या) चे नवे स्टिकर कुणीही छापून घेतं. सीटपोस्टचं माप मात्र खोटं बोलत नाही: २७.२ मिमी असेल तर नळी पातळ, म्हणजे दावा पटण्यासारखा. २६ च्या खाली असेल तर भिंत जाड, साधं स्टील. देशानुसार आटेही बदलतात. इटालियन बीबी ७० मिमी रुंद, दोन्ही बाजूंना उजवे आटे, त्यामुळे चेनच्या बाजूचा कप चालता चालता सुटतो. तो ग्रीस आणि पूर्ण जोर लावूनच बसवायचा. जुन्या फ्रेंच फ्रेमचं सगळंच निराळं: बीबी ३५ मिमी व्यासाचं, हँडलचा स्टेम २२.२ ऐवजी २२.०. इथे ‘जरा घट्ट आहे, जाईल’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला थांबवायचं.

आपला काळा रोडस्टर फिक्सी करावा का? हा प्रश्न दर पावसाळ्याआधी येतो. मोह पडतो खरा, कारण मागची खाच मागे उघडणारी, चेन ताणायला अगदी सोयीची, आणि लगवर जोडलेली फ्रेम. पण पुढे अडचणी रांगेने उभ्या. मागची रुंदी ११० मिमीच्या आसपास, तिथे १२० चं हब घालायला फ्रेम फाकवावी लागते. रिम मागे ४० आऱ्यांची, ट्रॅक हब बहुतेक ३२ नाहीतर ३६ चं. ७०० सीची चाकं घातली तर त्रिज्या साडेसहा मिमीने कमी होते. त्यात रॉडचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, त्यांना नवी रिम चालत नाही, म्हणजे ब्रेकही गेले. वर कॉटर पिन, म्हणजे क्रँक एक्सलला धरून ठेवणारी पाचर.  रोज शेकडो वेळा पुढे-मागे दाब बसला की पिनेचा सपाट भाग चेपतो, क्रँकला झोल येतो, आणि नवी पिन ठोकली तरी तो महिन्याभरात परत येतो. इतका खर्च करण्यापेक्षा रोडस्टर आहे तसा स्वच्छ करा, छर्रे बदला, चाकांचा आऊट काढा आणि वापरा. मूळ सोनेरी रेघा असतील तर त्यांना हात लावू नका.

रंगाबद्दल तेच. ओरखडे असलेला मूळ रंग नव्या पावडर कोटिंगपेक्षा मोलाचा. करायचंच असेल तर बीबीचे आटे, हेडट्यूबच्या कडा आणि एक्सलच्या खाचा झाकायला सांगा. पावडरचा थर जाड असतो. कडांवर तो राहिला तर कप सरळ बसत नाहीत, खाचांवर राहिला तर नट आवळल्यावर थर दबतो आणि दोन दिवसांत चाक सरकतं. मग आपण चेनला शिव्या देतो.

रंग लावण्याआधी किंवा न लावताही, जूनच्या आधी एक काम करावं. सीटपोस्ट काढा, ग्रीस लावून परत घाला, कारण अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट आणि स्टीलची नळी दमट हवेत एकमेकांना धरून बसतात आणि कोकणात तर एका पावसात. नळ्यांच्या आत उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन चमचे ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा म्हणजे ते सगळीकडे पसरेल, उरलेलं बीबीतून निथळू द्या आणि तीन-चार दिवस वाळू द्या. तेल पुसलेली फडकी घडी करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ती तापून आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा. बीबीच्या तळाला बारीक भोक आहे का बघा, आणि ते मातीने बुजलं असेल तर आऱ्याच्या टोकाने मोकळं करा.